मदत हवी आहे: रोटेनोन देऊनही पेशी मरत नाहीत, मायटोकॉन्ड्रियाचा दोष दाखवायचा कसा?

फतेगंजवाली: नमस्कार. बडोद्यात एमएस्सीचा प्रकल्प करतेय, विषय पार्किन्सन्समधला चेतापेशींचा मृत्यू. एसएच-एसवाय५वाय पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चेतापेशीसारख्या), ९६ वेलची म्हणजे खळग्यांची प्लेट, वेलमागे १५,००० पेशी. मीडियम डीएमईएम, लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोजवालं, सीरम १० टक्के. रोटेनोन (मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या वीजघराचं, काम रोखणारं विष) १०० नॅनोमोलर, २४ तास. एमटीटीत (जिवंत पेशी मोजायची रंगचाचणी) ९० टक्के पेशी जिवंत दिसतात. टीएमआरएम (मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरच्या विद्युत विभवानुसार आत साठणारा चमकता डाय) २०० नॅनोमोलर, २० मिनिटं लावलं, तर चमक उतरायच्या ऐवजी दोन्ही खेपेला वाढलीच. रोटेनोन खराब झालंय का?

मांडवीकर: ताई, रोटेनोनवर संशय शेवटी घ्या. आधी मीडियम बघा. ४.५ ग्रॅम म्हणजे २५ मिलिमोलर ग्लुकोज. एवढी साखर हाताशी असली की या पेशी ग्लायकोलिसिसवरच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर साखर मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवरच भागवतात, कॉम्प्लेक्स १ (मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीचा टप्पा, रोटेनोन रोखतं ते हेच) बंद पडलं तरी त्यांचं फारसं अडत नाही. मुळात ही ट्यूमरची पेशी. खऱ्या चेतापेशीला ही सोय नसते. तिच्यात ग्लायकोलिसिसचा वेग वाढवणारं पीएफकेएफबी३ हे विकर तयार होतं न होतं तोच मोडून टाकलं जातं, त्यामुळे अडीअडचणीला साखर जास्त जाळून भागवणं तिला जमत नाही.

म्हणून ग्लुकोज नसलेलं डीएमईएम घ्या. त्यात गॅलॅक्टोज १० मिलिमोलर, ग्लुटामिन ४ मिलिमोलर, पायरुव्हेट १ मिलिमोलर. गॅलॅक्टोजवर ग्लायकोलिसिसने भागत नाही, पेशींना मायटोकॉन्ड्रियावरच विसंबावं लागतं. पेशी पीबीएसने दोनदा धुऊन या मीडियममध्ये निदान २४ तास रुळू द्या, मगच रोटेनोन द्या. १, १०, ३०, १००, ३०० नॅनोमोलर असे डोस लावा आणि त्याच दिवशी ग्लुकोजमधली जोडप्लेटही ठेवा. दोन प्लेटमधला फरक हाच तुमचा पुरावा, एकटी गॅलॅक्टोजची प्लेट काही सिद्ध करत नाही.

केवडिया_लाइन: टीएमआरएमचं कोडं वेगळं आहे. २०० नॅनोमोलरला डाय मायटोकॉन्ड्रियात इतका दाटतो की स्वतःचीच चमक विझवतो. मग विभव उतरला की डाय बाहेर पडतो आणि चमक वाढते. तुम्हाला उलटं दिसलं ते बहुधा यामुळेच. २० ते २५ नॅनोमोलर घ्या, ३७ अंशांवर ३० ते ४० मिनिटं ठेवा आणि वाचन घेतानाही तेवढाच डाय बफरमध्ये राहू द्या. धुऊन टाकलात तर आकडे सरकत राहतील.

तरीही रोटेनोनने विभव उतरेलच असं नाही, आणि या विषयाचं मर्म इथेच आहे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॅटची सहा टर्बाइन्स आहेत. ती उलटी फिरवून वीज खर्चून पाणी वर चढवता येतं. एटीपी सिंथेज, म्हणजे पेशीचं ऊर्जाचलन असलेला एटीपी बनवणारं मायटोकॉन्ड्रियातलं यंत्र, तेही तसंच उलटं फिरतं. श्वसनसाखळी अडली की ग्लायकोलिसिसचा एटीपी जाळून ते प्रोटॉन बाहेर ढकलतं. विभव टिकतो, पण कमावता मायटोकॉन्ड्रिया खाणारा होतो.

हे पकडायचं असेल तर वाचन चालू असताना ऑलिगोमायसिन (एटीपी सिंथेज रोखणारं) २.५ मायक्रोमोलर घाला आणि १५ मिनिटं बघत राहा. धडधाकट पेशीत चमक जागच्या जागी राहते किंवा जराशी चढते. रोटेनोनच्या पेशीत ती घसरली तर यंत्र उलटं फिरत होतं. शेवटी विभव पुरता उतरवणारं एफसीसीपी १ मायक्रोमोलर, तो तुमचा शून्य.

मांडवीकर: एमटीटीवर मात्र विसंबू नका. तो पेशीतली क्षपणशक्ती मोजतो, आणि मायटोकॉन्ड्रियाबाहेरची विकरंही त्याला जांभळा करतात. जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर गळणारं विकर) मोजा. या पेशी अर्ध्यामुर्ध्या तरंगतात. जुनं मीडियम ओतून दिलंत तर मेलेल्या पेशी मोजण्याआधीच सिंकमध्ये जातात. ते जपून ठेवा.

मृत्यूची वाट ओळखायला झेड-व्हॅड (पेशीला आत्मनाशाकडे नेणारी कॅस्पेज विकरं रोखणारं) २० मायक्रोमोलर रोटेनोनच्या एक तास आधी द्या. पेशी वाचल्या तर सायटोक्रोम-सी, कॅस्पेज-९, कॅस्पेज-३ ही वाट. नाही वाचल्या तर एटीपीही मोजा. अपॉप्टोसिसला, म्हणजे पेशीच्या शिस्तशीर आत्मनाशाला, स्वतःलाच एटीपी लागतो, तो संपला की पेशी फुटून मरते आणि कॅस्पेज रोखून उपयोग होत नाही. शिवाय रोटेनोन मायक्रोट्यूब्यूलही बिघडवतो. गाइड हे हमखास विचारतील, म्हणून कॉम्प्लेक्स १ रोखणारं दुसरं द्रव्य, पिएरिसिडिन-ए, वापरून एकदा पडताळा करा.

केवडिया_लाइन: प्रबंधाच्या प्रस्तावनेत पार्किन्सन्समध्ये मेंदूतला सब्स्टॅन्शिया नायग्रा हाच भाग का मरतो, हे सोडू नका. तिथल्या डोपामिन पेशी स्वतःच ठोके देतात, दर ठोक्याला एल-प्रकारच्या वाहिनीतून कॅल्शियम आत येतं आणि ते उपसायला एटीपी जातो. त्यात अॅक्झॉनचा पसारा अफाट. १९८३ मध्ये एमपीटीपी या रसायनाने माणसांत पार्किन्सन्ससारखी अवस्था आल्याचं छापून आलं. त्यापासून बनणारा एमपीपी+ कॉम्प्लेक्स १च रोखतो. पार्किन जनुकाचा पार्किन्सन्सशी संबंध १९९८ मध्ये जुळला, पिंक१ जनुकाचा २००४ मध्ये. दोन्ही मिळून नादुरुस्त मायटोकॉन्ड्रिया निवडून मोडीत काढतात.

फतेगंजवाली: खूप खूप आभार दोघांचे! साखर काढून टाकलेलं डायलाइज्ड सीरम मात्र आमच्याकडे नाही. साधं चालेल?

मांडवीकर: १० टक्के साध्या सीरममधून साधारण अर्धा मिलिमोलर ग्लुकोज येतं, तेवढ्याने गॅलॅक्टोजचा परिणाम बोथट होतो. सीरम २ टक्क्यांवर आणा. वाढ मंदावेल, म्हणून वेलमागे २५,००० पेशी टाका आणि कंट्रोललाही तेच सीरम द्या. रोटेनोन ३.९४ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओत विरघळवलं की १० मिलिमोलर होतं. छोटे भाग करून उणे २० अंशांवर अंधारात ठेवा. वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्यावर जाऊ देऊ नका, त्यासाठी डायल्यूशन आधी डीएमएसओतच करा. आणि भुकटी तोलताना हातमोजे, मास्क, हुड. मासे मारायला वापरतात ते विष आहे हे, उरलेलं नाल्यात ओतू नका.