सर्व्हेअर: मोजणीदार, भूमापक की भूकरमापक?

जुळे सोलापूर: दहावीच्या मुलांसाठी शाळेत लावायचा करिअरचा तक्ता मराठीत करायचाय. आर्किटेक्टला वास्तुविशारद, टाउन प्लॅनरला नगररचनाकार लिहिलं. सर्व्हेअरला ‘भूमापक’ लिहिलं तर सहकारी म्हणतात, पालकांना कळणार नाही, ‘मोजणीदार’ लिहा.

काळी माती: पालकांच्या तोंडी ‘मोजणीवाला’च असतो. पण भूमी अभिलेखच्या भरतीत पद ‘भूकरमापक’ म्हणून येतं. त्याला सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड चालतो. पोरगं ‘भूमापक’ शोधत बसलं तर जाहिरात हातची जाईल.

चाटी गल्ली: भूकरमापक म्हणजे कर मोजणारा? असले शब्द मंत्रालयातच जन्मतात.

काळी माती: फोड चुकतेय. भूकर-मापक. शेतसारा बसवायचा तर आधी क्षेत्र हवं, त्यासाठी केलेली ती भूकर मोजणी.

अक्कलकोट नाका: शब्द कुठलाही घ्या, आतलं कळायला हवं. ‘आणा’च बघा. जुन्या टिपणाची (हद्दीची मापं लिहिलेला मोजणीचा कागद) साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. ५ साखळी ८ आणे म्हणजे १८१.५ फूट. नवखे ते ५.८ साखळी धरतात, उत्तर येतं १९१.४ आणि बांध सरळ दहा फूट शेजाऱ्याच्या उसात!

चाटी गल्ली: आणा क्षेत्राचा ना? सोळा आण्यांचा गुंठा.

अक्कलकोट नाका: दोन्ही आहेत, म्हणूनच घोळ होतो. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. त्याचा सोळावा भाग, साधारण ६८ चौरस फूट, हा क्षेत्राचा आणा. लांबीचा आणा गुणिले आणा केलात तर सव्वाचार चौरस फूटच हाती येतात. हल्ली रोव्हरनं, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्रानं मोजतात खरं, पण हद्दीचा वाद पेटला की टिपण काढावंच लागतं.

जुळे सोलापूर: बरं, तक्त्यावर काय लिहू?

होटगी रोड: त्याआधी आर म्हणजेच गुंठा म्हणणाऱ्यांना आवरा. आर १०७६ चौरस फुटांचा. सातबारावर ४० आर दिसले की एकर झाला म्हणतात, एकराला ४०.४७ आर लागतात.

चाटी गल्ली: गुंठा मुळात कानडीच. अक्कलकोटच्या पलीकडं ‘गुंटे’ म्हणतात.

काळी माती: पलीकडं म्हणतात म्हणून पलीकडचाच कसा? इकडून तिकडं गेला नसेल कशावरून?

चाटी गल्ली: आता कानडीला मराठीकडून उसनं घ्यायला लावा!