दारव्ह्याकडच्या खेड्यातून परदेशी वाचनालयाचं कार्ड काढता येतं का?

वऱ्हाडची लेक: बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त मास्तर. साखरेमुळे डोळ्यांचे पडदे गेले. "मले जाड अक्षर दिसते, बारीक नाही," म्हणतात. फोनवर अक्षर मोठं करून दिलं की तासभर वाचत बसतात. आयुष्यभर इतिहास शिकवला, इंग्रजीतली इतिहासाची पुस्तकं हवी असतात त्यांना. गावच्या वाचनालयात पेपर आणि जुन्या कादंबऱ्या, बस. अमेरिकेतला मावसभाऊ तिथल्या वाचनालयाच्या कार्डावर लिबी नावाच्या ॲपमधून ई-पुस्तकं फुकट वाचतो. म्हणतो, माझाच कार्ड नंबर टाक. मला ते पटत नाही. तिकडे बाहेरच्यांना फी भरून कार्ड मिळतं म्हणे. आपल्याला देतील का? आणि आमच्याकडे नेट रात्री नऊनंतरच नीट चालतं.

तालुक्याचा ग्रंथपाल: ताई, भावाचा नंबर टाकला नाही हे बरोबर केलं. तिकडची वाचनालयं मुख्यतः स्थानिक करावर चालतात, म्हणून कार्ड तिथल्या रहिवाशालाच फुकट. बाहेरच्याकडून वर्षाची फी घेतात. पण त्यांचा 'बाहेरचा' म्हणजे बहुतेक शेजारच्या गावचा नाही तर दुसऱ्या राज्यातला. भारतातला पत्ता चालतो का, हे आधी ईमेल करून विचारा, मगच पैसे भरा. पत्ता खरा तोच लिहा. पैसे भरायच्या वेळी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करावे लागतील.
नेटची काळजी नको, पुस्तक रात्री उतरवून घेतलं की दिवसभर नेटशिवाय वाचता येतं. मुदत संपली की ते आपोआप परत जातं, दंड नाही. मात्र वाचनालयाने जेवढ्या प्रती घेतल्या तेवढ्याच लोकांना एका वेळी मिळतं, गाजलेल्या पुस्तकाला रांग लागते.

पुसदकर: आधी ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयाचं डिजिटल सदस्यत्व बघा. फी आहे, पण भारतातल्या पत्त्यावर मिळतं. ओपन लायब्ररी ही नेटवर पुस्तकं उधार देणारी साइट फुकट आहे. तिथली बरीच पुस्तकं एका तासासाठीच मिळतात, आणि प्रकाशकांच्या खटल्यानंतर लाखो पुस्तकं उधारीतून काढावी लागली.

तालुक्याचा ग्रंथपाल: मुख्य गोष्ट विचारायची राहिली. बाबांचं दृष्टिदोषाचं प्रमाणपत्र आहे का? ज्यांना छापील पान वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय आहे, २०१६ पासून, आपल्याच देशातलं. भारतीय भाषांतली आणि इंग्रजी पुस्तकं आहेत, फोनकडून वाचून घेता येतात. माझ्या मते परदेशी कार्डाआधी हेच करा. डोळे आणखी थकले तरी हे त्यांच्या कामी येईल.

वऱ्हाडची लेक: प्रमाणपत्र नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात तीन वर्षांपासून जातो, पण असं काही निघतं हे कोणी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही, त्याचं वाईट वाटते. सोमवारी पहिल्या एसटीने बाबांना यवतमाळला नेते, सगळे जुने कागद घेऊन. आत्ताच त्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्यात शिवकालाचं काही असन काय?"

तालुक्याचा ग्रंथपाल: प्रमाणपत्र हातात आलं की कळवा. नोंदणीचा अर्ज आपण मिळून भरू.