साडेपाच महिन्यांच्या बाळाला रोटाचा (रोटाव्हायरसच्या जुलाबावरच्या तोंडी लशीचा) पहिला डोस: चालतो की उशीर झाला?

उपकेंद्र_सेविका
ड्यू लिस्टमध्ये (लस देणं बाकी असलेल्या बाळांच्या यादीत) साडेपाच महिन्यांचं एक बाळ आहे. ऊसतोडीवरून परतलेलं कुटुंब. कार्डावर फक्त जन्माचे डोस आहेत. मधल्या काळात एका खासगी दवाखान्यात आईला सांगितलं गेलं, "पंधरा आठवडे उलटले, आता रोटा देता येत नाही." प्रशिक्षणात मात्र एक वर्षापर्यंत पहिला डोस चालतो असं शिकवतात. कोणाचं धरायचं?

दुसरं, इतके दिवस पाच थेंबांची बाटली यायची. या वेळी पावडर आणि वेगळी द्रावाची बाटली आली आहे. काय काय सांभाळावं?

आणि आजीचा प्रश्न: थोरल्याला तिन्ही डोस देऊनही जुलाब लागून सलाइन लावावं लागलं, मग ही लस कशाला?

बालरोग_पीएचसी
ताई, बाळाला लस द्या. दवाखान्यातला नियम खोटा नाही, पण तो वेगळ्या ठिकाणचा आहे. रोटाशील्ड ही पहिली लस आतड्यात आतडं शिरण्याच्या त्रासामुळे १९९९ मध्ये अमेरिकेत मागे घेतली गेली. हा त्रास लस न घेतलेल्या बाळांतही साधारण चार ते सात महिन्यांच्या वयात जास्त दिसतो. म्हणून पुढच्या लशींचा पहिला डोस त्या वयाच्या आधीच उरकावा, असं बंधन आलं. खासगीत अजून तेच पाळतात.

गरीब देशांत हे बंधन महाग पडलं, कारण उशिरा येणारी बाळंच जुलाबाने जास्त दगावतात. २०१२ मधल्या एका गणिती अंदाजानुसार वयाचं बंधन काढलं तर कमी उत्पन्नाच्या आणि त्यांच्या जरा वरच्या देशांत आणखी ४७,२०० मृत्यू टळतात आणि आतडं अडकून २९४ जास्त होतात. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने बंधन सैल केलं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिला डोस एक वर्षाच्या आत बसला पाहिजे. पुढचे दोन किमान चार-चार आठवड्यांनी, ते वर्ष ओलांडून गेले तरी चालतात. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नाही.

आधी कधी आतडं अडकलं होतं का, एवढं मात्र विचाराच. होय म्हणाले तर देऊ नका. पहिल्या डोसनंतर आठवडाभर काय पाहायचं ते आईला तिच्या भाषेत सांगा: बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, हिरवी उलटी होते, शीमध्ये रक्त-शेंब दिसते. असं दिसलं तर घुटी किंवा काढा न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात.

शीतसाखळी
पावडरचं सांगतो, घोळ इथेच होतो.

तो द्राव म्हणजे साधं पाणी नव्हे, सायट्रेट-बायकार्बोनेटचं बफर, म्हणजे आम्ल शमवणारा द्राव आहे. जठरातल्या आम्लात लशीतला जिवंत विषाणू मरतो, ते आम्ल हे बफर मारतं. त्यामुळे गोवर-रुबेलाच्या लशीचं पाणी इकडे नाही आणि इकडचा द्राव तिकडे तर अजिबात नाही. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा. द्राव आदल्या दिवशीच आयएलआरमध्ये (लशींच्या फ्रिजमध्ये) घाला, पण गोठू देऊ नका.

अडॅप्टर (बाटली आणि सिरिंज जोडणारा तुकडा) आधी द्रावाच्या बाटलीवर. सिरिंजने सगळा द्राव ओढा, मग तोच अडॅप्टर सिरिंजसकट लशीच्या बाटलीवर बसवा, द्राव सोडा, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलक्या हाताने फिरवा. एका बाळाला अडीच मिली. जुन्या सवयीने पाच थेंब देऊन मोकळं होणं ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची चूक.

सिरिंजला सुई कधीच लावू नका. हसू नका, अमेरिकेत २००६ ते २०१३ या काळात रोटा लस टोचल्याच्या ३९ नोंदी झाल्या. मिसळल्याची वेळ लेबलवर लिहा. चार तास किंवा सत्र संपणं, जे आधी होईल तेव्हा उरलेली फेका. ओपन व्हायल पॉलिसी (उघडलेली बाटली पुढच्या सत्रातही वापरण्याची मुभा) हिला लागू नाही. पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लशीची) उघडी बाटली परत आणता म्हणून हीही आणायची, असं होतं.

आरोग्यसहायिका
वरच्यांनी पाजण्याचं सांगितलं नाही. बाळ आईच्या मांडीवर, डोकं जरा उंच, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू. जिभेवर सरळ सोडलं की अडीच मिली पदरावर येतं. थोडी लाळ बाहेर आली तर पुन्हा देत बसू नका. जवळजवळ सगळाच डोस थुंकला तर त्याच भेटीत एकदाच पुन्हा.

अर्धा तास दूध पाजायचं नाही ही अंधश्रद्धा आहे. आधीही पाजा, नंतरही.

बालरोग_पीएचसी
आजीचा प्रश्न रास्त आहे, तिला टाळू नका. थेंबांच्या लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे ६,७९९ बाळांवर झाली. गंभीर रोटा जुलाबापासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळालं, दुसऱ्या वर्षी ४९. श्रीमंत देशांत अशा लशी ८५ टक्क्यांच्या वर जातात. इथे आईकडून आलेली प्रतिपिंडं, सतत दुखावलेलं आतडं आणि सोबत दिलेला पोलिओ डोस यांमुळे लस नीट धरत नाही, असं मानतात. शिवाय जुलाब काही एकट्या रोटाने होत नाहीत.

पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. आफ्रिकेतल्या चाचणीत मलावीमध्ये परिणाम ४९.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ७६.९. तरी शंभर बाळांमागे वर्षाला टळलेले गंभीर जुलाब मलावीत ६.७, दक्षिण आफ्रिकेत ४.२. रोग जिथे जास्त, तिथे अर्धवट लसही जास्त बाळं वाचवते. आजीला एवढंच सांगा: रोटाचे जवळपास निम्मे गंभीर जुलाब टळतात, सगळे नाही, म्हणून ओआरएसची पाकिटं घरात राहू द्या.

उपकेंद्र_सेविका
म्हणजे त्या दिवशी सगळं एकत्र? आणि पुढच्या वेळी परत थेंबांची बाटली आली तर?

शीतसाखळी
हो, एकाच भेटीत. बाळ शांत असताना आधी तोंडाची, म्हणजे रोटा आणि पोलिओ. मग एफआयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) उजव्या दंडावर कातडीत, पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस) उजव्या मांडीत, पेंटा डाव्या मांडीत. शक्यतो तिन्ही डोस एकाच लशीचे द्या. ती नसेल तर असेल त्या लशीने तीन पूर्ण करा, थांबू नका. कार्डावर तारखेसोबत कोणती दिली तेही लिहा, म्हणजे हे कुटुंब पुढच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी तिथल्या ताईंना अंदाज करत बसावं लागणार नाही.