मदत हवी आहे : छातीत कर्करोगाचे पाणी, पण मूळ गाठ सापडत नाही

माझ्या ६४ वर्षांच्या आईच्या उजव्या फुप्फुसाभोवती वारंवार पाणी साठत आहे. आपल्याकडे बहुधा होते तसे आधी क्षयरोगाची शंका घेतली गेली. मात्र पाण्याच्या तपासणीत अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, पेशी आढळल्या. पेट स्कॅन आणि मॅमोग्राफी होऊनही कर्करोग मुळात कोणत्या अवयवात सुरू झाला, हे कळलेले नाही. पाणी काढले की तिला मोकळा श्वास घेता येतो, पण ते पुन्हा भरते आणि मग ती भिंतीला उशा लावून बसल्याबसल्याच रात्र काढते. ते पाहवत नाही.

मूळ अवयवाचा माग काढण्यासाठी पेशींमधील खुणेची प्रथिने तपासतात; त्या चाचणीत सीके-७ पॉझिटिव्ह, तर सीके-२० आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह आले आहे. तेवढ्यावरून फुप्फुसाचा कर्करोग नाकारता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. मूळ कर्करोग स्तनाचा की बीजांडकोशाचा, हे पाहण्यासाठी गाटा-३ आणि पॅक्स-८ ही अशीच प्रथिने तपासायची आहेत. ईजीएफआर व एएलके या जनुकीय चाचण्या कुणाच्या बाबतीत पाण्यातील पेशींवरच झाल्या का, की थोरॅकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून) फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा घ्यावा लागला? औषध या जनुकीय चाचण्यांवरच ठरणार असल्याने हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाणी पुन्हा साठू नये म्हणून टाल्कची पूड घालून प्लुरोडेसिस (फुप्फुसाचे आवरण छातीच्या भिंतीला चिकटवणे) करावे, की घरी पाणी काढता येईल अशी नळी बसवावी, हेही ठरवायचे आहे. फुप्फुस पूर्ण फुगत नसेल तर नळी बरी, असे सांगण्यात आले. ज्यांनी घरी अशी नळी सांभाळली आहे, त्यांनी ड्रेसिंग, जंतुसंसर्ग आणि खर्चाबद्दल कृपया सविस्तर लिहावे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घेताना पेशींचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) व स्लाइड सोबत न्याव्यात का, हेही कळवावे.