स्पीडबोटीला 'सिगारेट बोट' का म्हणतात?

गोदाकाठचा: रविवारी गंगापूर धरणावर बोट क्लबला गेलो होतो, पोरगं हट्टालाच पेटलं म्हणून स्पीडबोटीत बसलो. रेस दिली की नाक वर आणि लाट आली की खालून धाडकन आपटते, कंबर हलली पार. उतरल्यावर शेजारचे एक काका म्हणाले अमेरिकेत असल्या लांबुळक्या बोटींना सिगारेट म्हणतात. हे आकारावरून की त्यातून सिगारेटी पळवायचे म्हणून? पोरगं सारखं विचारतंय, नक्की माहिती असेल तर सांगा.

पंचवटी_९: आकारच असणार, लांब आणि बारीक.

सातपूर_मेकॅनिक: नाही भाऊ, बऱ्याच जणांना तसंच वाटतं पण नाव कंपनीचं आहे. मायामीत डॉन अ‍ॅरोनो नावाचा रेसर होता, मूळचा ब्रुकलिनचा, त्याने 1969 च्या सुमारास 'सिगारेट रेसिंग टीम' काढली आणि ते नाव उचललं एका जुन्या बोटीचं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती ना, तेव्हा दारूची जहाजं हद्दीबाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि छोट्या बोटी रात्रीतून पेट्या किनाऱ्याला आणायच्या. त्याच धंद्यातल्या एका बोटीचं नाव 'सिगारेट'. पुढे याच्या बोटी एवढ्या गाजल्या की कुठल्याही कंपनीची लांब पळणारी बोट असली तरी लोक सिगारेटच म्हणायला लागले, आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

आणि इंजिनाचं ऐका, मला तर तेच जास्त आवडतं. पहिल्या महायुद्धातली विमानाची लिबर्टी इंजिनं उरली होती, 12 सिलिंडर, 400 हॉर्सपॉवर, स्वस्तात मिळायची, ती या दारूवाल्यांनी बोटीत बसवली, मग गस्तीच्या बोटी कुठून पकडणार. तुमची कंबर हलली ते तळामुळे, तळ चपटा असला की लाटेवर आपटतो. रेसच्या बोटीचा तळ मागेपर्यंत व्ही आकाराचा खोल असतो, तो लाट कापतो. रे हंटने ते डिझाइन केलं आणि 1960 च्या मायामी-नासाउ रेसमध्ये तशीच बोट पहिली आली.

देवळाली_कॅम्प: तस्करीचा संबंध नंतरही सुटला नाही हो. स्पेनच्या गॅलिसियात असल्याच बोटींतून खरोखर सिगारेटी उतरवायचे. म्हणून काकांचं ऐकून तसं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत पोलीस आणि कोस्ट गार्ड असल्या बोटींना 'गो-फास्ट' म्हणतात.

गोदाकाठचा: सातपूरवाले दादा, मनापासून आभार. पोराला डालडाचं उदाहरण दिलं तर आता विचारतंय डालडा म्हणजे काय.