प्रॉक्सिव्हॉनवरची बंदी: कॅन्सरच्या रुग्णांना सूट द्यायला हवी होती का?

माळरान:
मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनवर बंदी घातली. प्रॉक्सिव्हॉन या वेदनाशामक कॅप्सूलमधलं औषध ते. वडिलांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. गावातल्या मेडिकलमधली ती स्वस्त कॅप्सूल घेतली की रात्री तीन-चार तास त्यांचा डोळा लागायचा. ती बंद झाल्यावर मॉर्फिन या जास्त जोरदार वेदनाशामकासाठी तालुका, जिल्हा पालथा घातला. नार्कोटिक्स (अमली पदार्थ) कायद्याच्या धास्तीने कुणी ठेवतच नव्हतं. म्हणे, हृदयाला धोका होता. दोन महिने उरलेल्या माणसाला त्या धोक्याचं काय? रात्रभर कण्हणं ऐकलंय मी.

उंबरठा:
वाचून गलबललं. तरी मी डॉक्टर म्हणून बंदीच्याच बाजूने आहे. या औषधापासून शरीरात नॉरप्रोपॉक्सिफीन बनतं. ते लवकर बाहेर पडत नाही, साठत जातं आणि हृदयाची लय बिघडवतं. निरोगी माणसांच्या ईसीजीतही बदल दिसले, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेतून ते गेलं. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉलसोबतच्या याच औषधाच्या गोळीच्या अतिसेवनाने वर्षाला ३०० ते ४०० माणसं दगावत होती, बरेचदा आत्महत्येतून. २००५ पासून ती टप्प्याटप्प्याने काढली आणि हे मृत्यू झपाट्याने घटले. लोक दुसऱ्या वेदनाशामकांकडे वळून तेवढेच दगावले, असंही झालं नाही. रुग्णासाठी आणलेली कॅप्सूलची पट्टी घरातल्या सगळ्यांच्याच हाताशी असते. आपल्याकडे नागालँड, मणिपूरमध्ये तर पोरं कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून शिरेत टोचून घ्यायची. त्यात हातपाय सडले.

माळरान:
पट्टीचं म्हणणं पटलं. पण दुखणं वाढेल तशी औषधाची पायरी चढवतात. ब्रिटनमध्ये ही पायरी काढली तेव्हा वरची पायरी, मॉर्फिन, हाताशी होतं. आमच्याकडे? आणि त्याच वर्षी जूनमध्ये बंद केलेलं अॅनाल्जिन हे वेदनाशामक २०१४ मध्ये अटी घालून परत आणलंच ना? मग इथे अट का नको?

चाफेकळी:
मी स्वतः मेडिकल चालवते. पाकिटावर ‘फक्त कॅन्सरसाठी’ छापलं तरी कंबर धरून आलेला माणूस तेच मागतो, आणि ओळखीत दिलंही जातं. अट काउंटरवर टिकत नाही. मात्र माळरान यांचा राग रास्त आहे. मॉर्फिनचे नियम नार्कोटिक्स कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने सोपे झाले, म्हणजे बंदीनंतर. क्रम उलटा हवा होता.

उंबरठा:
क्रमाबद्दल मान्य. सूट मात्र तरीही नको.

माळरान:
२०१८ मध्ये ट्रामाडॉल हे वेदनाशामकही त्याच नार्कोटिक्स कायद्याखाली गेलं, डॉक्टर. खेड्यातल्या रुग्णाने आता कोणती गोळी मागायची, तेवढं सांगा.