लहान खोलीसाठी पाच इंची की साडेसहा इंची?

३ बाय ३.५ मीटरच्या खोलीसाठी पाच इंची वूफरचा (बासचे खालचे सूर वाजवणाऱ्या कोनचा) स्पीकर घ्यावा की साडेसहा इंची, या प्रश्नावर बहुतेकांनी मोठ्याच्या बाजूने कौल दिला आहे. मला मात्र तो घाईचा वाटतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर या खोलीचे पहिले अनुनाद, म्हणजे खोलीत आपोआप घुमणारे सूर, ४९ आणि ५७ हर्ट्झच्या आसपास येतात. मोठा वूफर याच पट्ट्यात अधिक जोर लावत असल्याने भिंतींजवळ बासचे ठरावीक सूर घुमतात, आणि खोलीच्या मध्यभागी बसल्यास तेच सूर जवळजवळ नाहीसे होतात. माझ्याकडे खुर्ची दीड फूट मागे सरकवल्याने जो फरक पडला, तो आधी बदललेल्या अ‍ॅम्प्लिफायरने पडला नव्हता (खर्च झाला तो झालाच).

स्पीकर भिंतीलगत ठेवणे भाग असेल, तर मागे पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असलेल्यापेक्षा बंद खोक्याचा निवडावा. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसारख्या अरुंद जागांसाठी घडवलेला एलएस३/५ए हा स्पीकर बंद खोक्याचाच होता. पोर्टवालाच आवडला असल्यास पोर्टमध्ये गुंडाळलेला पायमोजा खुपसून पाहावा. घुमणे बरेच आटोक्यात येते.

सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो याची, फार चिंता नको. ८९ ऐवजी ८६ डेसिबलचा स्पीकर तितक्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती मागतो हे खरे, पण दोन मीटरवरून ऐकताना मुळात लागतात ते दोन-चार वॉट. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) मात्र कानाच्या उंचीवर हवा, त्यामुळे स्टँडचे पैसे आधीच बाजूला काढावेत.